मैत्रिणींच्या ड्युएटमध्ये लोक बघतेत गप्प उभी असलेलीकडं

पोरींनो, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळंल. तुम्ही दोघी लातूरला शिकायला, एकाच हॉस्टेलात रूममेट, फेब्रुवारीत गॅदरिंग आहे आणि त्यात तुम्हाला प्रेमाचं बिमाचं ड्युएट नकोय, दोन मैत्रिणींचं मस्तीचं, जरा नाटकी, पॉप टाईपचं गाणं करायचंय. रूमवर केलं की पोरी हसून हसून लोळतेत आणि ट्रायलला स्टेजवर केलं तर सगळे गप्प, सर म्हणाले आवाज चांगलेत पण मजा येईना. मग अशी गाणी लोकांना नेमकी कशामुळं आवडतेत, आणि तुमचं कुठं अडायलंय, असं विचारलंय.

दोघीही सगळा वेळ परफॉर्म करायलात आणि ऐकत कुणीच नाहीये, इथं अडायलंय. तुमचा व्हिडिओ मी बघितला नाही तरी हे सांगू शकते कारण गॅदरिंगला येणारी बहुतेक ड्युएट ह्याच एका ठिकाणी गळपटतेत.

मी ऑर्केस्ट्रात गायलेली बाई आहे. परभणी, नांदेड, बीड, लातूर, उदगीर, गणपती, नवरात्र, हळदी, पुढाऱ्यांचे वाढदिवस, जिथं बोलावतील तिथं. आता कार्यक्रम कमी केलेत, कॉलेजच्या पोरापोरींचं बसवून देते. ऑर्केस्ट्रात फिमेल सिंगर म्हणलं की कामच ड्युएटचं, समोरचा मेल सिंगर कधी ओळखीचा तर कधी स्टेजवरच पहिल्यांदा भेटलेला, आणि त्याच्याकडं बघून जन्मोजन्मीचं प्रेम गायचं. ते जमून जातंय बघा. सूर नीट लागले, मधे दोनदा एकमेकांकडं बघून हसलं, की लोक खुश, कारण पहिल्या ओळीलाच लोकांना माहीत असतंय की हे दोघं एकमेकांचेच आहेत, पुढं काही घडायचं बाकी नसतंय, नुसतं गोड लागायचं असतंय. मस्तीच्या गाण्याचं तसं नाही. तिथं प्रत्येक ओळीला एक बारका निकाल लागतो. हिनं टोमणा मारला, आता ती काय करती? गिळून घेती का उलटून देती का तोंड वाकडं करून खुर्चीवर जाऊन बसती? आणि हे 'आता ती काय करती' टोमणा मारणारीच्या तोंडावर दिसत नसतंय, जिला लागलाय तिच्या तोंडावर दिसतंय. म्हणून पब्लिकचे डोळे आपोआप गप्प उभी असलेलीकडं जातेत. आणि ती नेमकी त्या वेळी काय करत असती? मोबाईलमधे पुढचं कडवं बघत असती, माईकची वायर सोडवत असती, नाहीतर पब्लिककडं बघून नुसती डुलत असती. झालं, गाणं तिथंच मेलं.

ह्यात पॉपवाल्यांनी नवीन काही शोधलेलं नाहीये बरं का, हे आपल्या मातीतलंच आहे. तमाशात गण झाला की गवळण, मग बतावणी, मग वग. गवळणीत कृष्ण वाट अडवतो आणि मावशी त्याच्याशी भांडती, मावशी म्हणजे साडी नेसलेला पुरुषच, आणि हशा नेमका कुठं फुटतो ते पुढच्या वेळी नीट बघा. कृष्ण बोलत असताना मावशीनं तोंडात पदर धरून जे डोळे फिरवलेले असतेत ना, तिथं फुटतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ज्यांनी रात्र रात्र फड बघितलेत त्यांना हे सांगायची गरज नाही. गोंधळातही तेच, मुख्य गोंधळी मोठ्या गांभीर्यानं कथा लावतो आणि साथीदार मधीच एखादा असा येडपट प्रश्न टाकतो की सगळा मांडव हसतो, आणि मुख्य गोंधळी त्याच्याकडं असं बघतो की तो दुसरा हशा. नाथांची भारुडं तर आपल्या पैठणचीच, सोळाव्या शतकातली, आणि ती आजही उभी राहतेत ती सोंग घेणाऱ्याइतकीच त्याला 'मग गं काय झालं' विचारणाऱ्या साथीदाराच्या जिवावर. साथीदार थंड निघाला की सोंगाड्या कितीही ताकदीचा असू द्या, भारूड वाचन केल्यासारखं होतं. परभणीच्या उरुसात कव्वालीचा मुकाबला ऐकला असंल तर तिथंही एक पार्टी शेर म्हणती तेव्हा दुसऱ्या पार्टीच्या कव्वालाचं हसू, मान हलवणं, 'अच्छा, असं का' वालं तोंड, ह्याच्यावर अर्धी रात्र चालती.

तुमच्या नांदेड विद्यापीठाच्या युवक महोत्सवात भारूड, लोकनाट्य वगैरे असतंय, ते बघायला जा, पॉप गाणं करायचंय म्हणून हे जुनं आपल्या काय कामाचं असं म्हणू नका. मी तर म्हणते पॉप ड्युएटची खरी प्रॅक्टिस तिथंच होती.

आणि बाईमाणसांपुरतं बोलायचं तर सगळ्यात जवळचं उदाहरण पंचमीचं. पंचमीला माहेरी आलेल्या पोरी फेर धरतेत, फुगडी घालतेत, एक ओळ हिनं टाकायची, दुसरी तिनं, सासूपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार. फुगडीत दोघीही मागं झुकलेल्या असतेत, आपला भार समोरचीच्या हातावर टाकून, एकीनं जरा जरी हात आखडता घेतला की गिरकी तुटती. तुमच्या गाण्यात ते पाहिजे. तुम्ही दोघी शेजारीशेजारी उभं राहून आपापल्या पायावर घट्ट आहात, भार कुणीच कुणावर टाकत नाहीये.

आता लोकांना आवडतं का, त्याचं माझ्या मते एक कारण मोठं आहे आणि बाकीची बारकी. आपल्याकडं मैत्रीण मैत्रिणीला 'तू मला लई आवडतीस' असं तोंडावर म्हणत नाही. 'ए येडे, जेवलीस का' म्हणती. 'मर तिकडं' म्हणती आणि दोन मिनिटांनी चहा आणून देती. म्हणजे आपलं सगळं प्रेम शिव्यांतून आणि टोमण्यांतूनच बाहेर येतंय, आणि मस्तीचं ड्युएट हे त्या बोलण्याचं गाणं आहे. पब्लिकमधल्या प्रत्येकीला तिची एक अशी मैत्रीण आठवती, पोरांना त्यांचा दोस्त. प्रेमाच्या ड्युएटला आठवायला माणूस असंल नसंल, पण भांडकुदळ दोस्त सगळ्यांकडं असतोय. म्हणून अशा गाण्याला मागच्या रांगेतले वॉचमन काका पण हसतेत आणि पुढं बसलेल्या प्रिन्सिपल मॅडम पण.

दोस्तीची सगळीच गाणी ह्या जातीची नसतेत हेही लक्षात घ्या. 'शोले'मधलं, 1975 चं, किशोर कुमार आणि मन्ना डे यांचं ते मोटारसायकलवरचं दोस्तीचं गाणं सगळ्यांना पाठ आहे, पण ती शपथ आहे, दोघंही एकच गोष्ट म्हणायलेत, तिथं टक्कर नाही. ते ऐकून गळा भरून येतो. तुम्हाला जे करायचंय त्यात टक्कर पाहिजे, आणि ते गाणं निवडतानाच बघायचं. ओळी एकमेकींना उत्तर देतेत का? का दोघी मिळून पब्लिकलाच सांगायलात की आम्ही लई भारी मैत्रिणी आहोत? दुसऱ्या प्रकारचं असंल तर कितीही उड्या मारा, नाटक उभं राहायचं नाही.

आता रूमवर हसतेत आणि स्टेजवर का नाही, तर रूमवरच्या पोरींना तुम्ही दोघी माहीत आहात. कोण सकाळी बाथरूम अडवून बसती, कोण दुसरीचा चार्जर ढापती, कोण पैसे मागितले की झोपेचं सोंग घेती, हे सगळं त्यांच्या डोक्यात आधीच भरलेलं असतंय. तुम्ही नुसती भुवई वर केली तरी त्यांना पूर्ण गोष्ट कळती. पब्लिकला त्यातलं काहीच माहीत नाही. त्यांच्यासाठी तुम्ही दोन सारख्या ड्रेसमधल्या, सारख्या उंचीच्या पोरी. म्हणून म्युझिक सुरू व्हायच्या आधी, नाहीतर पहिल्या चार ओळींत, त्यांना तुमची ओळख करून द्यावी लागती, म्हणजे नाव गाव नाही, कोण कसली आहे ती ओळख. एक घाईची, एक निवांत. एक स्वतःला शहाणी समजणारी, एक येडी पण शेवटी बरोबर निघणारी. एक कंजूष, एक उधळी. कोणतीही जोडी घ्या पण एकच घ्या, आणि शेवटपर्यंत सोडू नका. घाईची आहे ती स्टेजवर येतानाच आधी आली पाहिजे आणि निवांत आहे तिनं म्युझिक सुरू झाल्यावर, बाटलीतलं पाणी पीत पीत आलं पाहिजे, बघा मग पहिली ओळ म्हणायच्या आधीच हशा.

सारखे ड्रेस मात्र घालू नका.

आणि भांडणाचा विषय जितका बारका तितकी मजा जास्त. चार्जर, दुपट्टा, डब्यातलं शेवटचं थालीपीठ. बारक्या गोष्टीसाठी जीव तोडून, आलाप घेऊन, गुडघ्यावर बसून गायलं की ते नाटकी आपोआप होतंय, वेगळी ॲक्टिंग करावी लागत नाही. उलट विषय मोठा घेतला, कुणीतरी धोका दिला, आयुष्य उद्ध्वस्त झालं, आणि त्यावर मस्ती करायला गेलं की लोकांना कळतच नाही हसायचं का रडायचं. एक सांगते, टोमणे हे दुसरीच्या कामावर, सवयीवर मारा, रंगावर, जाडीवर, जातीवर, गावावर अजिबात नको. पहिल्या रांगेतून हशा येतो त्याच्यावर, मला माहीत आहे, आणि जो निवेदक ते करतो त्याला पाकीटही मिळतं, पण त्या हशात मागं बसलेली एखादी पोरगी पार मिटून जाती. आणि तुमची मैत्रीणसुद्धा, ती वरून हसली तरी.

पुढचं. तुम्ही लिहिलंय की आमचे आवाज सारखेच आहेत म्हणून फरक कळत नसंल का. ही सबब आहे. 'हाफ टिकट' नावाचा पिक्चर 1962 चा, सलील चौधरी यांचं संगीत, त्यात किशोर कुमार आणि प्राण यांच्यावर एक गाणं आहे, किशोर बाईच्या वेषात, आणि त्या गाण्यातला बाईचा आवाज आणि पुरुषाचा आवाज दोन्ही किशोर कुमारनंच म्हणलेत. एका गळ्यातून दोन माणसं! म्हणजे दोन माणसं वेगळी वाटणं हे गळ्यावर नसतंय, स्वभावावर असतंय. तुम्ही दोघींनी एकाच पट्टीत गायचंय ही तर सोय आहे, पोरगा आणि पोरगी असली की अडचण येती, पेटीवर त्याची पट्टी काळी एक-दोनच्या आसपास आणि तिची काळी चार-पाच, एकाला सोयीची घेतली की दुसरा बेंबीच्या देठापासून ओरडतो. तुमचं तसं नाही. मग फरक करायचा कसा, तर एकीनं सूर धरून, लांबवून, मुरक्या घेऊन गायचं आणि दुसरीनं बोलल्यासारखं, शब्द तोडून, तालावर आपटून. एकीनं ताल यायच्या जरा आधी शब्द टाकायचा, दुसरीनं जरा मागून. निवांत मुलगी जर सगळ्या ओळी अर्धी मात्रा उशिरा म्हणायला लागली आणि घाईची तिच्याकडं 'आता म्हण ना गं' असं बघायला लागली, तर तुम्हाला डायलॉगची गरजसुद्धा पडायची नाही. हे जमायला तालात पक्कं असावं लागतंय हे मात्र खरं, जिचा ताल मुळातच सुटतो तिनं मुद्दाम सोडायचा नादाला लागू नये.

ओळी वाटून घेण्याचं एक गणित आहे आणि ते मी सगळ्यांना सांगते. पहिल्या कडव्यात चार ओळी हिच्या, चार तिच्या. दुसऱ्यात दोन दोन. मग एक एक. मग अर्धी अर्धी, म्हणजे हिनं वाक्य सुरू करायचं आणि तिनं तोडायचं. मग दोघी एकदम एकमेकींवर, काही कळत नाही कोण काय म्हणायली, आणि तिथून धाडकन हुक, म्हणजे गाण्यात परत परत येणारी ती मुख्य ओळ, दोघी एका सुरात. सवाल-जवाबात ढोलकी आणि घुंगरांचं जसं आखूड आखूड होत जातं तसंच. लोकांच्या लक्षातही येत नाही पण छातीत धडधड वाढती. तुम्ही बहुतेक पूर्ण गाणंभर एक कडवं तू एक कडवं मी असं वाटून घेतलं असंल, त्यात एकीचं कडवं चालू असताना दुसरी एवढा वेळ रिकामी राहती की तिनं तरी किती तोंडं करावीत.

हुक तीनदा येतो ना? मग तिन्ही वेळा एकसारखा म्हणू नका, हे लई महत्त्वाचं आहे आणि हेच कुणी करत नाही. शब्द तेच, चाल तीच, पण पहिल्यांदा फुशारकी म्हणून म्हणा, पब्लिककडं बघून. दुसऱ्यांदा टोमणा म्हणून, एकमेकींच्या तोंडावर, बोट नाचवून. तिसऱ्यांदा समेट म्हणून. पॉप गाण्याची ताकदच ही आहे की तेच तेच परत येतंय, नाटकात तेच वाक्य तीनदा म्हणलं तर लोक उठून जातील पण गाण्यात तेच वाक्य तीन वेगळ्या अर्थांनी आलं की लोकांना वाटतं आपण यांच्यासोबत कुठंतरी जाऊन आलो. आणि तिसऱ्या वेळी वाटलं तर एकीनं सा वरून आणि दुसरीनं ग वरून धरायचं, हार्मनीत, म्हणजे दोन वेगळे सूर एकदम. पहिल्यांदाच नको, सुरुवातीलाच हार्मनी लावली तर तुमचं भांडण झालंच कधी?

2024 च्या ऑक्टोबरमधे आलेलं कोरियन गायिका रोझे आणि ब्रुनो मार्स यांचं 'आपट' तुम्ही ऐकलंच असंल, शाळेतली पोरंसुद्धा हातावर हात मारत म्हणत होती. त्याचा हुक म्हणजे कोरियातला पार्टीत खेळायचा एक खेळ आहे, आणि व्हिडिओत काय आहे तर एक गुलाबी खोली, ड्रम, गिटार आणि दोघांची नुसती मस्ती. ना गोष्ट ना लोकेशन. आपल्या इथल्या पोरांना एक अक्षर कळत नव्हतं तरी का चाललं, तर दोघं खेळायलेत हे दिसत होतं, आणि खेळ बघितला की आपल्याला पण घ्या असं वाटतं. त्या दोघांच्या आवाजाचा पोत किती वेगळा आहे आणि हुकला किती पटकन एक होतो तेही ऐका. पण त्यांची नक्कल करू नका. परक्या भाषेतले शब्द घोकून म्हणण्यात तुमचं निम्मं लक्ष जाईल आणि टोमण्याला लागणारं तोंड मोकळं राहणार नाही. मधले चार बोल आपल्या बोलीत टाका, 'काय करायलीस गं', 'तुला काय करायचंय', लातूरच्या पब्लिकला हे घरचं आहे. फक्त गावाकडची बोली म्हणजे येड्याचं पात्र असं करू नका, सिरियलवाल्यांनी ते करून करून चोथा केलाय. शहाणीलाच बोली द्या की.

तुम्ही असंही विचारलंय की खरी मैत्री असली तरच असं गाणं जमतं का. नाही. 1983 मधे पॉल मॅकार्टनी आणि मायकल जॅक्सन यांचं 'से से से' आलं, व्हिडिओत दोघं गावोगाव फिरून खोटं औषध विकणारे ठग झालेत, पुढं स्टेजवर खेळ करणारी जोडी होतेत, दाढीचा फेस तोंडाला लावून धिंगाणा, अगदी आपल्या बाजारात तेल विकणारा आणि गर्दीत उभा राहून 'मला फरक पडला' म्हणणारा त्याचा माणूस असतो ना तसंच. अमेरिकेत ते सहा आठवडे एक नंबरला होतं. आणि 1985 मधे जॅक्सननं मॅकार्टनीच्या जुन्या बँडच्या, म्हणजे बीटल्सच्या गाण्यांचे हक्क ज्या कंपनीकडं होते ती कंपनीच विकत घेतली, तिथून दोघांत दुरावा आला. पण आजही तो व्हिडिओ लावला तर मस्ती तशीच्या तशी आहे, कुठं शिळी झाली नाही. म्हणजे लोकांना जी मैत्री दिसती ती केलेली असती, बसवलेली असती. खऱ्या मैत्रीचा फायदा एवढाच की तुम्हाला एकमेकींची भीती नसती, ती चुकली तर तुम्ही सावरून घ्याल हा भरवसा असतो. पण तोटाही आहे, खऱ्या मैत्रिणी स्टेजवर एकमेकींकडं बघून खऱ्या हसायला लागतेत. तुम्ही हसलात की पब्लिक हसायचं थांबतं. ते हसायलेत ना, मग तुम्ही अगदी गंभीर, चार्जर म्हणजे जसा काही वाड्याचा खटला.

प्रॅक्टिस कशी करायची ते सांगते. एकदा पूर्ण गाणं असं करा की गाणारीनं नुसतं सरळ उभं राहून गायचं, कसलेही हातवारे नाहीत, आणि सगळी ॲक्टिंग न गाणारीनं करायची. एका ओळीला एकच प्रतिक्रिया, ओळभर तोंडं करत बसायचं नाही, टोमणा लागला तिथं एकदा आणि मग थांबायचं. मोबाईलवर शूट करा आणि आवाज बंद करून बघा. आवाज बंद असताना भांडण कशावरून चाललंय हे कळलं तर तुमचं बसलं. आणि हातवारे खांद्यापासून करा, मनगटापासून नको, मैदानात मागच्या रांगेला तुमचे डोळे दिसत नसतेत, खांदे दिसतेत, कमरेवरचा हात दिसतो, पाठ फिरवलेली दिसती. रूमवर भुवईनं जे होत होतं ते स्टेजवर पाठ फिरवून करायचं, ट्रायलला तुमचं जे सांडलं त्यातलं निम्मं इथंच सांडलं असणार.

स्टेप्स चार-पाचच ठेवा. डान्सच करायचा असता तर डान्समधे नाव दिलं असतं.

आता माईक आणि साउंड, इथं मात्र कान देऊन ऐका कारण चांगली बसवलेली गाणी इथं मातीत जातेत. आपल्याकडच्या साउंडवाल्यांना एको लई प्रिय. भजनाला, भाषणाला, हळदीला सगळीकडं तोच एको. प्रेमाच्या गाण्याला तो चालतो, आवाज मखमली वाटतो, पण तुमचं गाणं शब्दांवर आहे, टोमणा जर 'चार्जर्जर्जर' असा ऐकू आला तर कोण हसणार? कार्यक्रमाच्या आधी जाऊन, दादा म्हणून, चहा पाजून सांगायचं की आमच्या गाण्याला एको एकदम कमी आणि आवाज पुढं ठेवा. दोघींना दोन माईक, आणि दोन्ही एकाच कंपनीचे मागा, एकीला कॉर्डलेस आणि एकीला जुना वायरवाला दिला तर एकीचा आवाज पुढं आणि एकीचा मागं येतो, लोकांना वाटतं एकीला येतंय आणि एकीला येत नाही. माईक ओठापासून दोन-तीन बोटं, कुजबुजीला जवळ, ओरडायला हातभर लांब. जाळीवर मूठ धरायची नाही, ते रॅपवाले धरतेत म्हणून तुम्ही धरायचं नाही, आवाज कोंदट होतो आणि शिट्टी वाजती. आणि आपली पाळी नसताना माईक खाली पोटाजवळ नेऊ नका, हनुवटीशीच ठेवा, कारण तुमचं 'हं?', 'अगं बाई', 'बरं बरं' हे मधे मधे यायला पाहिजे, स्टुडिओत गाणारे वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापल्या ओळी म्हणून जातेत तेव्हा हेच बारके आवाज नंतर वेगळे भरावे लागतेत, तुम्हाला तर ते फुकटात आणि ताजे मिळायलेत.

ट्रॅक, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेलं नुसतं म्युझिक, का लाईव्ह? कॉलेजात ढोलकीवाला किंवा ऑक्टोपॅडवाला पोरगा असंल तर एकटा त्याला घ्या, ट्रॅक चालू आणि वरून तो. त्याला सांगा टोमण्यानंतर एक थाप टाक. तमाशात ढोलकीवाला ज्या जागेवर थाप टाकतो तिथंच हशा फुटतो, लोकांना हसायची परवानगी मिळाल्यासारखं होतं. नुसता ट्रॅक असंल तर मोठी अडचण अशी की ट्रॅक हशासाठी थांबत नाही, लोक हसायलेत आणि तिकडं पुढचं कडवं सुरू, दोन्ही वाया. म्हणून ट्रॅक आधीच एडिट करून घ्या, जिथं मोठा हशा यायला पाहिजे तिथं चार किंवा आठ मात्रांचं नुसतं बीट वाढवून ठेवा. हशा आला तर जागा आहे, नाही आला तर त्यात करायला एक काम ठेवा, एकीनं दुसरीचा दुपट्टा ओढायचा, दुसरीनं परत ओढायचा, आठ मात्रा संपल्या. अशी मोकळी जागा पूर्ण गाण्यात दोनच ठेवा, जास्त केल्या की गाणं लंगडतं.

ट्रॅक पेनड्राईव्हवर द्या, फाईलला तुमचं नाव आणि गाण्याचा नंबर टाका, आणि तोच मोबाईलमधे पण ठेवा, व्हॉट्सॲपवर आलेला फाटका ट्रॅक लावू देऊ नका. मोबाईल फ्लाईट मोडवर टाकायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या कडव्याला घरून फोन यायचा.